सातपुड्याचा चढ आणि झडपेची वेळ

वैनगंगेच्या खोऱ्यातून सातपुड्याच्या पठाराकडे चढत जाणारा बालाघाटचा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता, तेव्हा तेथील तांदूळ, सागवान आणि रानातले इतर जिन्नस बाहेर नेण्यास बैलावाचून दुसरे साधन नव्हते. आणि १८५३ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर, पुढे १८६७ मध्ये मंडला, शिवनी व भंडारा या जिल्ह्यांतील काही प्रदेश एकत्र करून बालाघाट हा निराळा जिल्हा निर्माण झाल्यावरही, ही स्थिती पालटण्यास आणखी छत्तीस वर्षे जावी लागली. मध्यंतरी १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन भीषण दुष्काळांनी मध्यप्रांत होरपळून निघाला, आणि धान्य एके ठिकाणी असूनही ते दुसऱ्या ठिकाणी पोहोचविता येत नसेल तर सरकारच्या सगळ्या बंदोबस्ताचा काही उपयोग नाही, हे दप्तरांतून नव्हे तर प्रत्यक्ष प्रेतांच्या संख्येवरून सर्वांस कळून चुकले. त्याच सुमारास भरवेलीच्या परिसरात मँगनीजच्या धातुपाषाणाचे विपुल साठे असल्याचे निष्पन्न झाले, आणि जगातील पोलादाच्या कारखान्यांना या धातूची भूक मोठी असल्यामुळे, बालाघाटच्या डोंगराळ तालुक्यांकडे अनुकंपेने पाहणाऱ्यांच्या जोडीस आता व्यापाराच्या नजरेने पाहणारेही आले.

१८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने नागपूर-छत्तीसगढ मार्ग आपल्या ताब्यात घेऊन तो ब्रॉडगेज केला होता, आणि त्या मार्गावरील गोंदिया स्थानकापासून उत्तरेस अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग टाकण्याचे काम तिने अंगावर घेतले. १३ एप्रिल १९०३ रोजी गोंदियापासून बालाघाटमार्गे नैनपूरपर्यंतचा रस्ता खुला झाला. १९०४ मध्ये बालाघाटहून कटंगीचा फाटा निघाला. आणि १९०५ मध्ये हे अरुंद रूळ जबलपूरला जाऊन भिडले. बालाघाट ते नैनपूर या टप्प्यात गाडीला दीडशे मीटरांच्या आसपास उंची गाठावी लागे. आकडा लहान दिसतो खरा. परंतु अडीच फूट रुंदीच्या रुळांवर, वळणावळणांच्या मार्गाने, मालाने भरलेल्या डब्यांची रांग ओढणाऱ्या छोट्या एंजिनाला तो लहान वाटत नसे.

आता येथे वाचकांना एक गोष्ट सांगावयाची आहे, आणि हा लेख तिच्यासाठीच लिहिला आहे. आज बालाघाटच्या रस्त्यांवर धावणाऱ्या पेट्रोल मोटारींपैकी अनेकींच्या एंजिनावर किंवा मागच्या काचेखाली व्हीव्हीटी, व्हीटेक यांसारखी अक्षरे कोरलेली असतात, आणि विक्रेते ती आधुनिक शास्त्राची अगदी अलीकडची देणगी म्हणून सांगतात. परंतु एंजिनाच्या झडपा उघडण्या-मिटण्याची वेळ कामाच्या गरजेप्रमाणे बदलावी, ही कल्पना मोटारीहून जुनी आहे, आणि या जिल्ह्यात तिचा रोजचा वापर मोटारी येथे सर्रास होण्याच्या कितीतरी आधी, याच अरुंद रुळांवर सुरू झालेला होता. तो करणारा माणूस कोणी संशोधक नव्हता; तो होता कोळशाच्या धुळीने काळवंडलेला एंजिन ड्रायव्हर.

वाफेच्या एंजिनात नळकांड्यामध्ये दट्ट्या पुढेमागे सरकतो, आणि त्या नळकांड्याच्या तोंडाशी असलेली झडप आळीपाळीने एका बाजूने वाफ आत सोडते व दुसऱ्या बाजूने वापरलेली वाफ बाहेर जाऊ देते. दट्ट्याचा फेरा संपेपर्यंत झडप उघडी ठेवली, तर पूर्ण दाबाची वाफ शेवटपर्यंत ढकलत राहते आणि जोर पुष्कळ मिळतो. परंतु फेऱ्याच्या अखेरीस ती वाफ अजून दाबानेच भरलेली असताना धुराड्यातून फेकून द्यावी लागते, म्हणजे कोळसा आणि पाणी यांचे निम्मे मोल वाया जाते. उलट, फेऱ्याचा चौथा किंवा पाचवा हिस्सा झाल्यावरच झडप मिटली, तर आत कोंडलेली वाफ स्वतःच प्रसरण पावत दट्ट्याला उरलेले अंतर ढकलते आणि जवळपास थकूनच बाहेर पडते. १७८२ मध्ये जेम्स वॉट याने या प्रसरणाच्या तत्त्वाचे पेटंट घेतले होते. निघण्याच्या वेळी पूर्ण जोर, चालीला लागल्यावर काटकसर: दोन्ही गोष्टी एकाच एंजिनात हव्या असतील तर झडपेची वेळ बदलता आली पाहिजे, आणि ती गाडी चालू असताना बदलता आली पाहिजे.

ही सोय केबिनमध्ये ड्रायव्हरच्या हाताशी असलेल्या एका लांब लिव्हरने होत असे, अथवा काही एंजिनांत मळसूत्राच्या चाकाने. लिव्हरच्या खाली दातेरी कमान असे, आणि मुठीजवळची खिटी दाबून लिव्हर एका खाचेतून उचलून दुसऱ्या खाचेत बसवावी लागे. अगदी पुढे लोटली की झडप फेऱ्याच्या तीनचतुर्थांशापर्यंत उघडी राहत असे. मधल्या बिंदूकडे ओढीत आणली की तिचा उघडा काळ आखूड होत जाई. आणि मध्य ओलांडून मागे नेली की एंजिन उलट दिशेने चालू लागे. बालाघाट स्थानकातून निघताना लिव्हर पुढे असे आणि धुराड्यातून वाफेचे एकेक सुटे, जड हुंकार बाहेर पडत. गाडीला गती आली की ड्रायव्हर लिव्हर एक-दोन खाचा मागे घेई आणि तोच आवाज मऊ, सलग होत जाई. चारेगाव, लामटा या बाजूच्या रानात चढ लागला की गती मंदावण्यापूर्वी त्याला पुन्हा एक-दोन खाचा पुढे जावे लागे. उशीर झाला तर गाडी अडे, घाई झाली तर फायरमनला भट्टीत फावड्यामागून फावडे रिकामे करावे लागे आणि पुढच्या पाणवठ्यापर्यंत टाकीतील पाणी पुरेल की नाही याची धास्ती लागे. रस्त्याचा प्रत्येक चढ, डब्यांचा प्रत्येक भार, ओल्या रुळांची प्रत्येक निसरट जागा त्या माणसाच्या मनगटातून झडपेपर्यंत पोहोचत असे.

ही लिव्हर ज्या सांध्यादांड्यांना हलवी, त्यांचा जन्म १८४२ मध्ये न्यूकॅसल येथील रॉबर्ट स्टीफन्सन आणि कंपनीच्या कारखान्यात झाला. तत्पूर्वी एंजिनाच्या झडपा आकड्यांनी अडकविल्या जात; आकडा एका बाजूस असला तर पुढे, दुसऱ्या बाजूस असला तर मागे, आणि मधली अवस्थाच नाही. त्या कारखान्यातील विल्यम विल्यम्स नावाच्या तरुण नकाशेकाराने दोन्ही गतींना जोडणारी एक वक्र दुवापट्टी कल्पिली, आणि विल्यम हाऊ या साचे बनविणाऱ्या कारागिराने ती प्रत्यक्ष चालेल अशा स्वरूपात आणली. हेतू होता केवळ पुढची-मागची दिशा सोयीने बदलण्याचा; परंतु दुवापट्टी मधल्या कोणत्याही स्थितीत धरून ठेवली असता झडपेचा उघडा काळच आखूड होतो, हे ध्यानात आले आणि दिशा बदलण्याचे साधन काटकसरीचे साधन होऊन बसले. शोध लावणाऱ्याच्या हेतूपेक्षा शोध मोठा निघाल्याची अशी उदाहरणे यंत्रविद्येच्या इतिहासात पुष्कळ आहेत, पण इतके शुद्ध उदाहरण क्वचित सापडते. या युक्तीला सर्वत्र स्टीफन्सनचे नाव मिळाले, कारण कारखाना त्याचा होता. विल्यम्स आणि हाऊ यांची नावे जाणकारांपुरतीच उरली.

दोन वर्षांनी, १८४४ मध्ये, बेल्जियमच्या रेल्वेतील एझिद वॉल्शर्ट नावाच्या चोवीस वर्षांच्या फोरमनने याच कामासाठी अधिक सुबक रचना शोधून काढली, परंतु फोरमनच्या हुद्द्यावरील माणसाचे पेटंट दुसऱ्याच्या, फिशर नावाच्या एंजिनीअरच्या, मार्फत घ्यावे लागले. वॉल्शर्टच्या दांड्या चाकांच्या बाहेर, उघड्यावर असत. तेलाची कुपी घेतलेल्या माणसाला खाली न वाकता प्रत्येक सांधा गाठता येई, म्हणून जगभर याच रचनेचा प्रसार झाला. सातपुडा मार्गावर आरंभीच्या काळात ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीने बांधलेली सीसी वर्गाची, ४-६-२ अशा चाकांच्या मांडणीची एंजिने होती, आणि पुढे भारतीय रेल्वेची झेडई वर्गाची २-८-२ एंजिने आली; झेडई एंजिनाच्या बाजूला उभे राहून पाहिले तर त्या बेल्जियन फोरमनची सगळी गणिते चकाकत्या पोलादात हलताना दिसत. नागपूरच्या मोतीबाग येथील नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात, जे २००२ मध्ये उघडले, या मार्गांवरील एंजिने आता स्थिर उभी आहेत. ज्यांना झडपेचे शास्त्र पुस्तकावाचून समजून घ्यावयाचे आहे, त्यांनी तेथे जाऊन मुख्य दांडीपासून झडपेपर्यंत एकेक सांधा बोटाने तपासावा. अर्ध्या तासात जे कळते ते पन्नास पानांत कळणार नाही.

ज्या १९०३ साली बालाघाटास पहिली गाडी आली, त्याच साली अमेरिकेत कॅडिलॅकच्या मोटारीसाठी अॅलन्सन ब्रश याने आत येणाऱ्या वायूची झडप कमी-अधिक उघडण्याची योजना करून तिच्या पेटंटासाठी अर्ज केला होता. मोटारीच्या शैशवातच ही कल्पना तिच्या कानावर पडलेली होती, असे म्हणावयास हरकत नाही. त्या काळच्या पुष्कळ एंजिनांत आतल्या झडपेला स्वतंत्र चालकच नव्हता. दट्ट्या खाली गेला की निर्वात शोषणाने ती आपोआप उघडे आणि नाजूक स्प्रिंगने मिटे. गती वाढू लागली तशी ही मऊ व्यवस्था कोलमडली, आणि दोन्ही झडपा कॅमशाफ्टच्या, म्हणजे पोलादी उंचवटे असलेल्या फिरत्या दांड्याच्या, हुकमतीखाली आल्या. ब्रशच्या कल्पनेपेक्षा कार्ब्युरेटरमधील थ्रॉटल, म्हणजे हवेची वाट कमी-अधिक करणारा पडदा, स्वस्त व सोपा ठरला, आणि झडपेची वेळ कारखान्यात एकदा ठरली ती एंजिनाच्या अंतापर्यंत कायम, हा दंडक पुढची सत्तरऐंशी वर्षे चालला.

या दंडकाने काय गमावले जाते ते पाहण्यासाठी एंजिनाच्या आतील काळाचे माप घेतले पाहिजे. मिनिटाला बाराशे आवर्तनांनी चालणाऱ्या एंजिनात दट्ट्याचा एक फेरा सेकंदाच्या चाळिसाव्या भागात पुरा होतो. सहा हजार आवर्तनांवर तोच सेकंदाच्या दोनशेव्या भागात. हवेला वजन आहे, म्हणून तिला गतीही लागते आणि लागलेली गती चटकन सुटतही नाही. वेगाने चालणाऱ्या एंजिनात दट्ट्या खाली पोहोचून वर निघाला तरी बाहेरून येणारा हवेचा लोंढा आत शिरतच असतो, तेव्हा झडप उशिरा मिटणे फायद्याचे. परंतु हळू चालणाऱ्या एंजिनात तो लोंढाच नसतो, आणि उशिरा मिटणारी झडप आत घेतलेला वायू उलट बाहेर ढकलू देते. तसेच जळलेला वायू बाहेर सोडणारी झडप मिटण्यापूर्वी आत घेणारी झडप उघडली, तर वेगात निघून जाणारा धूर मागून ताज्या वायूला ओढून घेतो. हीच दोन झडपांची एकत्र उघडी वेळ उभ्या मोटारीत मात्र एंजिनाला थरथर आणते आणि न जळलेले पेट्रोल धुराबरोबर बाहेर सोडते. म्हणून ठरावीक वेळेचा प्रत्येक कॅमशाफ्ट ही तडजोड असते. मुंबईत कुर्ल्याला बांधल्या जाणाऱ्या प्रीमियरच्या फियाट आणि उत्तरपाड्याच्या ॲम्बेसेडर यांनी या देशाला कित्येक दशके वाहून नेले, आणि त्यांची तडजोड बहुधा मध्यम चालीच्या बाजूने केलेली असे. घाटात दुसऱ्या गिअरवर धापा टाकणे आणि सपाटीवर जास्त वेगात कुंठित होणे, ही दोन्ही लक्षणे त्याच एका तडजोडीतून येत.

मध्यंतरी एक विलक्षण गोष्ट घडली, ती येथे सांगितली नाही तर हा इतिहास अपुरा राहील. आर्तुरो काप्रोत्ती या इटालियन एंजिनीअरने, ज्याला मोटारींचा अनुभव होता, मोटारीची उचलती झडप आणि फिरता कॅम वाफेच्या एंजिनाला बसविला. १९२०-२१ च्या सुमारास इटलीत त्याचे पहिले एंजिन रुळावर आले, आणि १९५४ मध्ये ब्रिटिश रेल्वेने बांधलेल्या ड्यूक ऑफ ग्लॉस्टर या एंजिनातही त्याचीच परंपरा दिसली. त्याच्या रचनेत ड्रायव्हरने लिव्हर हलविली की कॅम एकमेकांच्या संदर्भात फिरत आणि झडपेचा उघडा काळ बदले. म्हणजे मोटारीचा कॅम रेल्वेने उसना घेतला आणि लागलीच तो वेळ बदलण्यास समर्थ केला; मोटारीला मात्र आपलाच कॅम तसा करून घेण्यास आणखी साठ वर्षे लागली. कारण उघड आहे. रेल्वेच्या ड्रायव्हरला लिव्हरवर हात ठेवण्यास फुरसत होती आणि ते त्याचे काम होते. मोटार हाकणाऱ्या गृहस्थाकडून तशी अपेक्षा करणे अशक्य होते, आणि त्याच्याऐवजी निर्णय घेईल असे यंत्र अजून स्वस्त झाले नव्हते.

१९६० च्या दशकात तुरिनच्या फियाटमधील जोव्हान्नी तोराझ्झा याने तेलाच्या दाबाने झडपेची वेळ व उंची दोन्ही बदलण्याची योजना आखली होती. प्रत्यक्ष बाजारात उतरलेली पहिली मोटार मात्र १९८० ची अमेरिकेत विकली जाणारी अल्फा रोमियो स्पायडर. अमेरिकेतील धुराचे कायदे कडक झाले होते आणि आत घेणाऱ्या झडपांच्या कॅमशाफ्टला त्याच्या दातेरी चाकाच्या संदर्भात थोडे फिरविल्यावाचून गती आणि स्वच्छ धूर या दोहोंचा मेळ बसेना, हे त्यामागचे खरे कारण. १९८९ मध्ये होंडाच्या इकुओ काजितानी यांनी वेगळाच मार्ग पत्करला: दोन झडपांसाठी तीन उंचवटे, बाजूचे दोन मंद चालीसाठी आणि मधला वेगासाठी, ठरावीक गतीपलीकडे तेलाच्या दाबाने एक पोलादी खिटी सरकून तिन्ही भुजा एकत्र जखडते आणि झडपा मधल्या उंचवट्याच्या आज्ञेत जातात. सोळाशे घनसेंटिमीटरच्या त्या एंजिनाने १६० अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरला शंभर, आणि तेही टर्बोवाचून. बीएमडब्ल्यूने १९९२ मध्ये आपली व्हॅनॉस ही रचना आणली, पुढे टोयोटाने वेळ सलगपणे, पायऱ्यांवाचून, बदलणारी व्हीव्हीटी-आय बाजारात आणली, आणि २००१ मध्ये बीएमडब्ल्यूने झडपेच्या उंचीनेच हवा मोजून थ्रॉटलचे काम जवळजवळ संपविले, म्हणजे ब्रशचा १९०३ चा विचार शंभर वर्षांनी मार्गी लागला.

एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून ही यंत्रे भारतातल्या मध्यम किमतीच्या मोटारींत आली, आणि आज बालाघाटच्या एखाद्या गॅरेजात कॅमशाफ्टच्या टोकाचे ते चाक उघडून मेजावर ठेवलेले पाहावयास मिळते. हातात घेतले तर ते जाड चकतीसारखे. आत चार पात्यांचा एक गाभा, आणि प्रत्येक पात्याच्या दोन्ही बाजूंना तेलाची एकेक लहान खोली. एका बाजूच्या खोल्यांत तेल शिरले की गाभा पुढे वळतो आणि झडप लवकर उघडते. दुसऱ्या बाजूला शिरले की मागे. दोन्हीकडचे तेल कोंडले की तेथेच थांबतो. बाहेरच्या साखळीचे चाक मात्र आपल्या गतीने फिरतच असते. एंजिन बंद असताना तेलाचा दाब नसतो, म्हणून तोवर गाभ्याला पकडून ठेवणारी एक बारीक खिटी असते. ती झिजली की सकाळी एंजिन सुरू करताना क्षणभर खडखडाट ऐकू येतो. तेल जुने होऊन त्याचा चिकटा झाला की ही सूक्ष्म छिद्रे बुजतात आणि सगळी व्यवस्था गोठते. "भाऊ, ऑइल टायमावर बदलवत जा, बाकी हे आपोआप चालते," असे मिस्त्री सांगतात, आणि यंत्राच्या मालकाला याहून उपयुक्त सल्ला कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. केव्हा पुढे, केव्हा मागे, हे आता संगणक ठरवितो. एंजिनाची गती, आत येणारी हवा, पायाने दाबलेला पेडल यांची वर्दी घेऊन तो सेकंदात कित्येक वेळा हुकूम सोडतो.

सातपुड्याच्या अरुंद रुळांवर वाफेची एंजिने विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत डिझेलपुढे मागे हटली. डिझेल एंजिनालाही झडपा आणि कॅम असतात. परंतु तेथे ड्रायव्हरच्या हाती झडपेची वेळ उरत नाही. गोंदिया-बालाघाट हा टप्पा या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रॉडगेज झाला, आणि उत्तरेकडचा अरुंद मार्ग २०१५ मध्ये बंद होऊन काही वर्षांनी त्यावरही ब्रॉडगेज गाड्या धावू लागल्या. रेल्वे रुंद झाली, वेग वाढला, भरवेलीच्या खाणींतील मालाला आणि गोंदिया-जबलपूरच्या प्रवाशांना सोय झाली. याबद्दल हळहळ करण्याचे कारण नाही. हळहळ वाटते ती एवढीच, की लिव्हरच्या खाचा मोजून एंजिनाचा आवाज ओळखणाऱ्या, नैनपूरच्या शेडमध्ये आयुष्य काढलेल्या त्या पिढीचे ज्ञान कोणी विचारपूस करून लिहून घेतले नाही, आणि जे लिहिले गेले ते बहुतेक परदेशी छायाचित्रकारांनी चित्रांखाली लिहिले.

मोटारीच्या बाबतीत या इतिहासाने अलीकडे जे वळण घेतले आहे ते मात्र थेट वाफेच्या दिशेने जाते. जेम्स ॲटकिन्सन याने १८८० च्या दशकात असे एंजिन रचले होते, की ज्यात दट्ट्याचा दाबण्याचा फेरा आखूड आणि प्रसरणाचा फेरा लांब राहील. त्याची दांड्यांची गुंतागुंत कोणाला पेलली नाही. आज विजेची जोड असलेल्या हायब्रिड मोटारींत, भारतात विकल्या जाणाऱ्या होंडा सिटी, टोयोटा हायरायडर यांच्या हायब्रिड प्रकारांतही, तीच गोष्ट कोणतीही जादा दांडी न लावता साधली जाते: आत घेणारी झडप मुद्दाम उशिरा मिटते, आत आलेला थोडा वायू परत जातो, म्हणजे दाबला जाणारा वायू कमी आणि जळून प्रसरण पावण्यास मिळणारी जागा जास्त. कमी वायू घेतल्याने चढावर जो जोर कमी पडतो, तो विजेची मोटार भरून काढते. लिव्हर मागे घेऊन, थोड्या वाफेला मोठी जागा देऊन, लामट्याच्या रानातून जाणारा ड्रायव्हर जे साधीत असे ते हेच होते. त्याच्याजवळ चढासाठी विजेची मोटार नव्हती, म्हणून लिव्हर पुन्हा पुढे लोटण्यावाचून त्याला गत्यंतर नसे.